औषधांस न जुमानणारी बुरशी

लोणच्याच्या बरणीवर, ओल्या वहाणांवर, शिळ्या भाकरीवर पावसाळ्यांत जी बुरशी धरते, तिला घरांतील माणसें फडक्यानें पुसून टाकतात आणि विसरून जातात. शत्रु म्हणून तिच्याकडे पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं. रोगाचा विषय निघाला कीं देवी, पटकी, प्लेग, क्षय हींच नांवें ओठांवर येतात. परंतु सूक्ष्म जीवापासून प्राण्याच्या शरीरांत रोग होतो ही गोष्ट प्रयोगानें प्रथम सिद्ध झाली ती या उपेक्षित बुरशीच्याच बाबतींत. आणि हाताशीं औषध असूनहि तें चालत नाहीं, अशा पेंचांत वैद्यकशास्त्राला ज्यांनीं आणून सोडलें आहे, त्यांतहि ती मागें नाहीं. हा पेंच कसा उत्पन्न झाला याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

इटलींतील लोंबार्डी प्रांतांत रेशमाच्या किड्यांवर एक रोग पडत असे. किडे मरत, ताठ होत आणि त्यांच्या अंगावर चुन्यासारखी पांढरी भुकटी जमे. आगोस्तीनो बास्सी या गृहस्थानें वर्षानुवर्षें प्रयोग करून १८३५ सालीं असें दाखविलें कीं, ही भुकटी म्हणजे एक जिवंत बुरशी असून ती निरोगी किड्यास लागली तर तोहि त्याच रोगानें मरतो. रॉबर्ट कॉख यांनीं जनावरांच्या काळपुळीचा जंतु निश्चित केला तो १८७६ सालीं, म्हणजे यानंतर चाळीस वर्षांनीं. १८३९ सालीं शोनलाइन यांना मनुष्याच्या डोक्यावरील खवड्यांच्या खपल्यांत अशीच बुरशी आढळली, आणि १८४१ पासून पुढें पॅरिस येथें डेव्हिड ग्रुबी यांनीं त्या शोधाला बळकटी आणली.

रोगाचें कारण कळलें म्हणून उपाय सांपडला, असें मात्र झालें नाहीं. नायटा व गजकर्ण हे रोग भारतांत फार जुने आहेत. टाकळ्याला संस्कृतांत ‘दद्रुघ्न’, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असें नांवच पडलेलें आहे. युरोपांत गंधकाचे व निरनिराळ्या आम्लांचे लेप चालत. मुलांच्या डोक्यावरील खवड्यांसाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं क्ष-किरणांचा उपाय निघाला. किरण देऊन डोक्यावरील सारे केस गाळावयाचे, म्हणजे केसांबरोबर बुरशीहि जाईल, अशी त्यांतील कल्पना होती. हजारों मुलांवर हा उपाय झाला. पुढें त्यांतील कित्येकांच्या थायरॉइड ग्रंथींत व मेंदूच्या आवरणांत गांठी निघाल्या, तेव्हां त्या उपायाची खरी किंमत कळून आली. बुरशी मारणें फारसें अवघड नाहीं. रोग्यास धक्का न लावतां ती मारणें अवघड आहे, हा या शास्त्राचा पहिला धडा होय.

याचें कारण बुरशीच्या कुळांत आहे. ती दिसावयास वनस्पतीसारखी, म्हणून पुष्कळ काळ तिची गणना वनस्पतींत होत असे. वस्तुतः जीवांच्या वंशवृक्षावर बुरशी ही वनस्पतींपेक्षां प्राण्यांना अधिक जवळची आहे. क्षयाच्या किंवा विषमज्वराच्या जंतूची पेशी मनुष्याच्या पेशीहून इतकी निराळी आहे कीं, एकीला घातक आणि दुसरीला निरुपद्रवी अशीं द्रव्यें बरींच सांपडतात. बुरशीची पेशी मात्र मनुष्याच्या पेशीच्याच धाटणीची आहे. भेद थोडे आहेत. मनुष्याच्या पेशीच्या पडद्यांत कोलेस्टेरॉल असतें, तर बुरशीच्या पडद्यांत त्याच जातीचें, पण वेगळें, असें अर्गोस्टेरॉल असतें. बुरशीच्या पेशीस बाहेरून एक टणक भिंत असते, तशी मनुष्याच्या पेशीस नसते. औषधाला वार करावयाचा तो अशा दोनचार जागींच. जागा थोड्या म्हणून औषधेंहि थोडीं, आणि एक औषध निकामी झालें तर दुसरें हाताशीं असेलच, असा भरंवसा नाहीं.

या अडचणींतूनहि औषधें निघालीं. ग्रिझिओफुल्विन हें द्रव्य ऑक्सफर्ड, रेस्ट्रिक व सिमोनार या संशोधकांनीं लंडन येथें १९३९ सालीं एका पेनिसिलियम जातीच्या बुरशींतून वेगळें केलें होतें; परंतु जवळजवळ वीस वर्षें तें रोग्यापर्यंत पोंचलेंच नाहीं. १९५८ सालीं ग्लासगो येथें जेंटल्स यांनीं नायटा झालेल्या गिनीपिगांस तें पोटांतून देऊन गुण आल्याचें दाखविलें, आणि मग क्ष-किरणांच्या उपायाची गरज सरली. मध्यंतरीं न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यांतील दोन स्त्रियांनीं दुसरा एक मार्ग शोधला होता. एलिझाबेथ हेझन या न्यूयॉर्क शहरांत मातीच्या नमुन्यांतील सूक्ष्म जीव वाढवून पाहत. रेचेल ब्राउन या दूर ऑल्बनी येथें त्यांतील द्रव्यें शुद्ध करीत. नमुन्यांची ने-आण टपालानें होई. व्हर्जिनियांतील एका शेताच्या मातींत त्यांना हवा तो जीव सांपडला. १९५० सालीं त्यापासूनचें औषध जाहीर झालें आणि राज्याच्या नांवावरून त्यास निस्टॅटिन असें नांव मिळालें. त्याच्या हक्कांतून आलेलें एक कोटि तीस लक्ष डॉलरांहून अधिक उत्पन्न त्या दोघींनीं स्वतःकडे न घेतां शास्त्रीय संशोधनाला देऊन टाकलें.

निस्टॅटिन त्वचेवरील व तोंडांतील बुरशीवर चालतें. रक्तांत शिरलेल्या बुरशीवर त्याचा उपयोग होत नाहीं. ती उणीव १९५५ च्या सुमारास ॲम्फोटेरिसिन बी या औषधानें भरून काढली. व्हेनेझुएलांतील ओरिनोको नदीच्या प्रदेशांतील मातींत राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवापासून तें मिळालें. अर्गोस्टेरॉलला चिकटून तें बुरशीचा पडदा निकामी करतें. परंतु त्यामुळें रोग्याला हुडहुडी भरून ताप येतो आणि मूत्रपिंडांस अपाय होतो. तथापि या उग्र औषधाला दाद न देणाऱ्या बुरश्या फार थोड्या निघाल्या. त्याचा मारा पडद्याच्या मूळ घटकावरच असल्यामुळें त्यांतून निसटावयाचें तर बुरशीला आपला पडदाच बदलावा लागतो, आणि तसें केल्यानें ती बहुधा इतकी दुबळी होते कीं शरीराच्या संरक्षक शक्तीपुढें तिचा टिकाव लागत नाहीं.

दुसऱ्या एका औषधाची कथा याच्या अगदीं उलट घडली. फ्लुसायटोसिन हें द्रव्य १९५७ सालीं कर्करोगावर चालेल या आशेनें तयार करण्यांत आलें होतें. कर्करोगावर तें निरुपयोगी ठरलें. परंतु १९६४ सालीं त्याचा बुरशीवरील गुण लक्षांत आला. मुळांत तें विष नाहीं. बुरशीच्या पेशींत एक विकर असतो, तो त्याचें विषांत रूपांतर करतो. मनुष्याच्या पेशींत तो विकर नसल्यामुळें ती वांचते. युक्ति मोठी सुरेख होती. पण ज्या पेशींतील तो विकर बिघडला, तिला तें औषध विषच होत नसे. आणि अशा पेशी थोड्याच दिवसांत माजून रोग पुन्हां उलटे. यावरून असा नियम पडला कीं, मेंदूच्या आवरणास सूज आणणाऱ्या क्रिप्टोकोकस बुरशीसारख्या गंभीर रोगांत हें औषध एकटें देऊं नये. दुसऱ्या औषधाची जोड द्यावी.

श्रोत्यांच्या मनांत येथें असा प्रश्न येईल कीं, ज्याला मेंदू नाहीं, डोळे नाहींत, अशा जीवाला औषध ओळखतां तरी कसें येतें? उत्तर असें कीं, त्याला तें ओळखावें लागतच नाहीं. भाताच्या खाचरांत बेणणी करणारी बाई जें तण भाताहून वेगळें दिसतें तें उपटून टाकते. जें हुबेहूब भातासारखें दिसतें तें तिच्या हातून सुटतें, आणि पुढच्या हंगामासाठीं बीं पडतें तें त्याचेंच. वर्षानुवर्षें असें घडलें म्हणजे खाचरांत भातासारखें दिसणारें तणच माजतें. त्या तणाला वेषांतर कोणी शिकविलेलें नसतें. बेणणीनेंच त्याची निवड केलेली असते. बुरशीचेंहि तसेंच आहे. तिच्या कोट्यवधि पेशी एकसारख्या दुभागत असतात, आणि वंशद्रव्याची नक्कल उतरतांना कधींकधीं कोठेंतरी एखादी चूक राहते. बहुतेक चुका निरुपयोगी, कांहीं घातक. परंतु एखादी चूक औषधाच्या दिवसांत नेमकी तारक ठरते. औषध बाकीच्या पेशींचा संहार करतें आणि त्या एका पेशीला सारें रान मोकळें करून देतें.

ही निवड एका मनुष्याच्या तोंडांत घडत असलेली शास्त्रज्ञांनीं प्रत्यक्ष पाहिली आहे. १९६९ पासून ॲझोल जातीचीं औषधें निघूं लागलीं होतीं. अर्गोस्टेरॉल बनविणाऱ्या एका विकराला तीं अडवून धरतात. त्यांतील फ्लुकोनॅझोल हें १९९० सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें औषध सौम्य, पोटांतून देण्याजोगें आणि गुणकारी होतें. त्याच सुमारास एड्सच्या रोग्यांची संख्या वाढत होती, आणि त्यांतील पुष्कळांच्या तोंडांत व घशांत कँडिडा जातीच्या बुरशीचे पांढरे थर येत. अन्न गिळणें अशक्य होई. फ्लुकोनॅझोलनें त्यांस आराम पडे. पण प्रतिकारशक्ति खचलेली असल्यामुळें बुरशी परत येई आणि औषध पुन्हां द्यावें लागे. अशा एका रोग्याच्या तोंडांतून दोन वर्षांत घेतलेल्या १७ नमुन्यांची तपासणी १९९७ सालीं प्रसिद्ध झाली. बुरशी मूळची तीच होती. पण पायरीपायरीनें ती बदलत गेली होती. प्रथम, आंत शिरलेलें औषध बाहेर फेंकणारा पेशींतील एक पंप जोरानें चालूं लागला. पुढें, ज्या विकरावर औषध बसतें त्याचीच घडण किंचित् बदलली, जशी कुलुपाची कळ बदलावी आणि जुनी किल्ली फिरूं नये. शेवटीं आणखी पंप त्यांच्या मदतीस आले. एका बदलानें थोडेंच साधलें असतें. सर्व मिळून औषध निष्प्रभ झालें. १९९६ नंतर एड्सच्या विषाणूवर संयुक्त औषधयोजना सुरू झाली, रोग्यांची स्वतःची शक्ति परत येऊं लागली, आणि मगच हा उपद्रव ओसरला.

येथवर झुंज रोगी, वैद्य आणि बुरशी या तिघांपुरती होती. पुढचा अध्याय मात्र रुग्णालयाबाहेर लिहिला गेला. ॲस्परजिलस नांवाची बुरशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर वाढते आणि तिचे बीजाणु हवेंतून सर्वत्र पसरतात. प्रत्येक मनुष्य ते रोज श्वासाबरोबर घेतो, आणि निरोगी शरीर ते सहज नष्ट करतें. पण कर्करोगावरील औषधांनीं किंवा अवयवरोपणानंतरच्या उपचारांनीं दुबळ्या झालेल्या रोग्याच्या फुप्फुसांत तेच बीजाणु रुजतात आणि प्राणावर बेततें. नेदरलंड्स देशांत विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशा कांहीं रोग्यांत ॲझोल औषधें लागू पडेनाशीं झालीं. २००७ व २००८ सालीं यासंबंधींचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हां एक विलक्षण गोष्ट पुढें आली. यांतील कित्येक रोग्यांनीं तें औषध पूर्वीं कधींच घेतलेलें नव्हतें. आणि तरीहि बहुतेक सर्व नमुन्यांत बदल एकच होता. विकराच्या जनुकाच्या आरंभीं ३४ अक्षरांचा एक तुकडा दोनदां आलेला आणि जनुकांत एका जागीं फरक झालेला. निरनिराळ्या गांवच्या रोग्यांच्या फुप्फुसांत एकच चूक स्वतंत्रपणें घडावी, हें संभवत नाहीं. अर्थात् ती बुरशी बाहेरूनच तयार होऊन आली होती.

ती कोठें तयार झाली? ॲझोल द्रव्यें केवळ औषधांच्या दुकानांत नव्हतीं. गव्हावरील तांबेरा, द्राक्षांवरील भुरी अशा पिकांच्या रोगांवर त्याच घडणीचीं द्रव्यें शेतकरी फवारीत होते. नेदरलंड्समध्यें १९९० ते १९९६ या काळांत अशीं पांच द्रव्यें वापरांत आलीं, आणि त्यांची रचना वैद्यकीय ॲझोलांशीं फारच मिळतीजुळती होती. त्या देशाचें वैभव म्हणजे ट्यूलिपचीं फुलें. त्यांचे कंद लावण्यापूर्वीं बुरशीनाशकांत बुडवून काढतात. टाकाऊ कंद व पाला यांचे ढीग रचले जातात, आणि त्या ढिगांच्या ऊबेंत ॲस्परजिलस मजेंत वाढते. शेतकऱ्याचा रोख तिच्यावर नव्हताच. तो आपलें पीक राखीत होता. पण ढिगांत राहिलेल्या द्रव्यानें नकळत बेणणी केली, आणि शिल्लक राहिलेलें बीज वाऱ्यावर सुटून दुबळ्या रोग्याच्या खाटेपर्यंत पोंचलें. त्याचा परिणाम आंकड्यांतहि दिसतो. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या डच पाहणींत औषधास दाद देणारी बुरशी असलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा २८ रोगी ४२ दिवसांच्या आंत मरण पावले. दाद न देणारी बुरशी असलेल्यांपैकीं शेंकडा ४९.

वाऱ्याला व व्यापाराला सीमा नसतात. नेदरलंड्सहून आलेल्या ट्यूलिपच्या कंदांवर तशी बुरशी आयर्लंडमध्यें सांपडल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या आधींच, २०१२ सालीं, भारतांतील भाताच्या शेतांतील, चहाच्या मळ्यांतील व फुलझाडांच्या कुंड्यांतील मातींत तोच ३४ अक्षरांचा दुहेरी तुकडा असलेली बुरशी आढळल्याचें भारतीय संशोधकांनीं दाखवून दिलें होतें.

भारताचा स्वतःचा असा एक धडाहि या इतिहासांत आहे, आणि तो नायट्यासारख्या क्षुल्लक मानल्या गेलेल्या रोगाचा आहे. टर्बिनाफिन हें औषध अर्गोस्टेरॉलच्या निर्मितीची एक आरंभींची पायरी रोखतें आणि नायट्यावर तें रामबाण समजलें जाई. परंतु २०१० नंतरच्या दशकांत देशांतील त्वचारोगतज्ज्ञांना असे रोगी मोठ्या संख्येनें दिसूं लागले कीं, ज्यांचा नायटा महिनोन् महिने हटत नसे, अंगभर पसरे आणि घरांतील सर्वांस लागे. त्या बुरशीच्या एका विकरांत एकाच जागीं झालेला फरक टर्बिनाफिनला निष्प्रभ करीत होता. २०२० सालीं जपानी संशोधकांनीं या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी असें नांव दिलें. ‘इंडो’ हें अक्षर आतां तिच्या नांवांतच आहे. तिच्या प्रसाराला हातभार लागला तो बुरशीनाशक, जंतुनाशक आणि जबर स्टेरॉइड हीं एकाच नळींत घातलेल्या मलमांचा. डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून मिळणारें असें मलम लावलें कीं स्टेरॉइडमुळें खाज व लाली चार दिवसांत जाते, रोग्यास बरें वाटतें, आणि तो मलम सोडून देतो. स्टेरॉइडनें त्वचेची संरक्षक शक्ति मात्र दाबलेली असते, बुरशी जिवंत असते आणि औषधाची चव तिनें घेतलेली असते. २०२३ सालीं या बुरशीचे रोगी न्यूयॉर्कमध्येंहि आढळल्याची नोंद झाली.

याहून भीतिदायक प्रकार कँडिडा ऑरिसचा. २००९ सालीं जपानांतील एका वृद्ध स्त्रीच्या कानांत ती प्रथम ओळखली गेली, म्हणून तिला कानावरून नांव पडलें. २०१३ सालीं दिल्लींतील १२ रोग्यांत ती आढळल्याचें वृत्त आलें. २०१७ सालच्या अभ्यासांत असें दिसलें कीं, दक्षिण आशिया, पूर्व आशिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका येथें तिचे चार भिन्न वंश जवळजवळ एकाच काळीं उदयास आले आहेत. तिच्या बहुतेक नमुन्यांवर फ्लुकोनॅझोल चालत नाहीं, आणि कांहींवर तर कोणतेंच प्रचलित औषध चालत नाहीं. ती रोग्याच्या कातडीवर, खाटेच्या दांड्यावर, उपकरणांवर दिवसचे दिवस टिकून राहते. जागतिक आरोग्य संघटनेनें ऑक्टोबर २०२२ मध्यें धोकादायक बुरश्यांची जी पहिली यादी काढली, तींत १९ नांवें आहेत. अत्यंत गंभीर अशा पहिल्या वर्गांतील चारांमध्यें कँडिडा ऑरिस आणि ॲस्परजिलस या दोघींनाहि स्थान मिळालें.

मग या झुंजींत मनुष्याचा पराभव ठरलेलाच आहे काय? तसें म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु जुनीच चूक पुन्हां करण्याचा मोह मोठा आहे. ओलोरोफिम नांवाच्या नव्या औषधाची ॲस्परजिलसवर परीक्षा चालू असतांनाच, बुरशीच्या त्याच विकरावर मारा करणारें इप्फ्लुफेनोक्विन हें पिकांवरील द्रव्य अमेरिकेंत २०२२ सालीं मान्य झालें. शेतावर फवारलेलें द्रव्य रोग्याच्या औषधाचा वाटा आधींच खाऊन टाकील कीं काय, ही शंका तेव्हां संशोधकांनीं उघडपणें बोलून दाखविली. शेतकऱ्याला पीक राखलें पाहिजे आणि वैद्याला रोगी. दोघांचीहि गरज खरी आहे. परंतु दोघांनीं एकाच तलवारीनें लढावयाचें ठरविलें, तर ती दोघांच्याहि हातांत बोथट होणार.

आणि औषधांखेरीजचा मार्गहि अगदीं बंद नाहीं. आगोस्तीनो बास्सीपाशीं बुरशीवर कोणतेंहि औषध नव्हतें. रोगी किडे वेगळे काढा, मेलेले नष्ट करा, किड्यांमध्यें अंतर राखा, घर व हत्यारें धुऊन स्वच्छ ठेवा, एवढेंच तो रेशीम पिकविणाऱ्यांना सांगत असे. कँडिडा ऑरिस शिरलेल्या रुग्णालयांत आज जे नियम लावतात, त्यांत रोग्यास वेगळें ठेवणें, हात धुणें आणि खाट व उपकरणें निर्जंतुक करणें हेच मुख्य आहेत. बुरशी औषधाला चकविण्यास शिकली आहे. स्वच्छ धुतलेल्या हातावर बसून एका रोग्यापासून दुसऱ्याकडे जाण्याची विद्या मात्र तिला अद्याप साधलेली नाहीं.